लॅम्डा फंक्शनमध्ये ‘मॉड्यूल सापडत नाही’ ही त्रुटी: नेमके कुठे पाहावे?

पहाटवारा

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका दूध संकलन केंद्राचे संगणकाचे काम मी सांभाळतो. सकाळचे संकलन आटोपले की प्रत्येक उत्पादकाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) यांची फाइल केंद्रावरून एस-थ्री बकेटमध्ये (इंटरनेटवरील साठवणीच्या जागेत) जाते. पावणेसातच्या सुमारास एडब्ल्यूएस लॅम्डावरचे (अ‍ॅमेझॉनच्या संगणकांवर गरजेपुरता कोड चालवणाऱ्या सेवेवरचे) एक फंक्शन ती फाइल वाचते, दरपत्रकाशी ताडून पाहते आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर पावती पाठवते. पायथॉन ३.९ वर हे काम दोन वर्षे बिनबोभाट चालले होते.

गेल्या आठवड्यात मी फंक्शन पायथॉन ३.१२ वर नेले. लॅपटॉपवर पांडाज (तक्त्यांतील माहिती हाताळणारे पायथॉनचे मॉड्यूल, म्हणजे आयता कोड) नव्याने इन्स्टॉल केले, झिप केली आणि चढवली. दुसऱ्या दिवशी एकाही उत्पादकाला पावती गेली नाही. क्लाउडवॉचमध्ये (लॅम्डाच्या नोंदवहीत) ‘अनेबल टू इम्पोर्ट मॉड्यूल लॅम्डा_फंक्शन: नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स’ अशी नोंद होती. रिक्वेस्ट्स हे मॉड्यूल राहून गेले होते, ते टाकले. आता तिथेच ‘अनेबल टू इम्पोर्ट रिक्वायर्ड डिपेंडन्सीज: नमपाय’ असे येते (नमपाय हे पांडाजला लागणारे आकडेमोडीचे मॉड्यूल) आणि पुढे ‘नमपाय त्याच्या सोर्स फोल्डरमधून इम्पोर्ट करू नका’ अशा अर्थाचा सल्ला येतो. मी सोर्स फोल्डरच्या वाटेलाही गेलेलो नाही, आणि माझ्या विंडोज लॅपटॉपवर हाच कोड विनातक्रार चालतो.

लोक आपल्या दुधाचा हिशोब त्या पावतीवरून वहीत उतरवून घेतात. तीन दिवस मी तो फोनवरून वाचून दाखवत आहे. कृपया कुठून सुरुवात करावी ते सांगा.

तळटीप

पहाटवारा, सुरुवात त्या संदेशातल्या अपूर्णविरामापासून करा. त्याच्या डावीकडे ‘लॅम्डा_फंक्शन इम्पोर्ट करता आले नाही’ हे वाक्य असते आणि बहुतेक जण तेवढेच वाचून आपली मुख्य फाइल हरवली असे समजतात. ते वाक्य फक्त परिणाम सांगते. कारण अपूर्णविरामाच्या उजवीकडे असते.

उजवीकडे तुमच्याच मुख्य फाइलचे नाव आले, तर झिपची रचना चुकली आहे किंवा हँडलरच्या (लॅम्डाने कोणत्या फाइलमधून सुरुवात करायची ते सांगणाऱ्या) खान्यातील नाव फाइलच्या नावाशी जुळत नाही. रिक्वेस्ट्ससारख्या बाहेरच्या मॉड्यूलचे नाव आले, तर ते झिपमध्ये नाही किंवा लॅम्डा जिथे शोधते तिथे नाही. तुमच्यासारखा नमपायचा संदेश आला, किंवा एखाद्या मॉड्यूलच्या पोटातील अधोरेषेने सुरू होणारे नाव आले (सायकोपीजी-टू आणि पायडँटिक यांच्या बाबतीत हे नेहमी दिसते), तर मॉड्यूल तिथे असते, पण त्यातला संकलित (कंपाइल केलेला, यंत्रभाषेत उतरवलेला) भाग दुसऱ्याच यंत्रासाठी बनलेला असतो. या तिसऱ्या प्रकारात ‘सापडत नाही’ हे शब्द दिशाभूल करतात, कारण फोल्डर उघडून पाहावे तर मॉड्यूल समोर दिसते.

तुमची पहिली त्रुटी दुसऱ्या प्रकारची होती आणि आताची तिसऱ्या प्रकारची आहे. कोडला हात लावू नका.

जास्वंद

तळटीप यांच्याशी सहमत आहे. विंडोजवर पिप (पायथॉनची मॉड्यूल उतरवणारे साधन) चालवले की पिप विंडोजसाठीची व्हील (मॉड्यूलचे तयार गाठोडे) उतरवतो. लॅम्डा चालते लिनक्सवर. रिक्वेस्ट्स शुद्ध पायथॉनमध्ये लिहिलेले असल्यामुळे ते कुठूनही उचलून नेले तरी चालते. नमपाय, पांडाज, क्रिप्टोग्राफी यांच्या पोटात सी किंवा रस्टमधून संकलित केलेल्या फाइली असतात आणि त्या ज्या यंत्रासाठी बनल्या तिथेच चालतात. म्हणूनच तुमचे रिक्वेस्ट्स सुटले आणि नमपाय अडले.

माळरान

यंत्राचा मुद्दा बरोबरच आहे, पण त्याआधी झिपची रचना तपासावी असे मी म्हणेन, कारण नव्याने येणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ तिथे जातो. फोल्डरवर उजवी क्लिक करून झिप केली की झिपमध्ये आधी तो फोल्डर येतो आणि फाइली त्याच्या आत जातात. लॅम्डा ती झिप ‘/व्हार/टास्क’ या ठिकाणी उलगडते आणि मुख्य फाइल थेट तिथेच शोधते, एक पायरी खाली उतरत नाही. फोल्डरच्या आत जाऊन सर्व फाइली निवडून झिप करावी.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. लिनक्सवर झिप करताना एखाद्या फाइलची वाचण्याची परवानगी केवळ मालकापुरती राहिली, तर फाइल जागेवर असूनही लॅम्डाला ती वाचता येत नाही. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ परवानगी असावी, म्हणजे त्या सर्वांना वाचता येतात.

तिसरी गोष्ट मला एक अख्खी दुपार घालवून शिकावी लागली. आमच्या एका सहकाऱ्याने सोयीसाठी ‘ईमेल’ नावाची पायथॉन फाइल मुख्य फाइलशेजारी ठेवली होती. पायथॉनच्या स्वतःच्या मॉड्यूललाही तेच नाव आहे आणि रिक्वेस्ट्सला आतून त्याची गरज पडते. इम्पोर्ट करताना पायथॉनला आधी आमची फाइल मिळायची आणि त्रुटी भलत्याच मॉड्यूलच्या नावाने यायची. आपल्या फाइलींना प्रसिद्ध मॉड्यूलची नावे कधीही देऊ नयेत.

सुतारपक्षी

इतके करण्यापेक्षा लेअर (फंक्शनला बाहेरून जोडता येणारा मॉड्यूलचा गठ्ठा) वापरावा. पांडाजसाठी एडब्ल्यूएसचा तयार लेअर कन्सोलच्या (एडब्ल्यूएसच्या वेबपानाच्या) यादीतच मिळतो, त्यात नमपायही असते. पाच मिनिटांचे काम आहे.

निळाई

सुतारपक्षी, तयार लेअर मीही वापरते, पण ‘पाच मिनिटे’ म्हणताना त्याच्या अटीही सांगायला हव्यात.

लेअर ‘/ऑप्ट’ या फोल्डरमध्ये उलगडतो. स्वतः लेअर बनवला तर त्याच्या झिपमध्ये सर्वांत वर ‘पायथॉन’ याच नावाचा फोल्डर लागतो आणि मॉड्यूल त्याच्या आत ठेवावी लागतात. नोडसाठी (जावास्क्रिप्टचा कोड चालवणारी व्यवस्था) ‘नोडजेएस’ आणि त्याच्या आत ‘नोड_मॉड्यूल्स’ हवे. हा फोल्डर नसला तरी लेअर बिनतक्रार जोडला जातो, कन्सोलवर हिरवी खूण दिसते आणि मॉड्यूल मात्र मिळत नाही. शिवाय लेअर हा प्रदेशाला (एडब्ल्यूएसच्या सर्व्हरांच्या ठिकाणाला) बांधलेला असतो. मुंबई प्रदेशातील फंक्शनला मुंबईतलाच लेअर जोडता येतो. हैदराबादमध्ये काम हलवायचे झाले तर तिथला लेअर वेगळा घ्यावा लागतो. एका फंक्शनला जास्तीत जास्त पाच लेअर जोडता येतात आणि कोड व लेअर मिळून उलगडलेला आकार २५० एमबीच्या आत बसावा लागतो.

पहाटवारा यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे हे की त्यांच्या झिपमध्ये जुने नमपाय तसेच राहिले, तर लेअर जोडूनही त्रुटी जाणार नाही. लॅम्डा आधी तुमच्या कोडच्या फोल्डरमध्ये पाहते आणि मग लेअरमध्ये. बिघडलेली प्रत पहिल्यांदा हाती लागली की चांगल्या प्रतीपर्यंत शोध पोहोचतच नाही. मी एकदा लेअर तीनदा नव्याने बनवला होता आणि दोष झिपमध्ये बसला होता.

पहाटवारा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. माळरान यांनी सांगितल्याप्रमाणे झिप उघडून पाहिली. मुख्य फाइल वरच आहे, म्हणजे रचना ठीक दिसते. नमपायच्या फोल्डरमध्ये मात्र एका फाइलच्या नावाच्या शेवटी ‘सीपी३१२-विन_एएमडी६४’ आणि विस्तार ‘पीवायडी’ असे लिहिले आहे. यावरून काही कळते का?

तळटीप

यावरून सगळेच कळते. ‘सीपी३१२’ म्हणजे सी-पायथॉन ३.१२, तेवढा भाग तुमच्या फंक्शनशी जुळतो. ‘विन_एएमडी६४’ म्हणजे ती फाइल ६४-बिट विंडोजसाठी आहे. लॅम्डाला लागणाऱ्या फाइलचा विस्तार ‘एसओ’ असतो आणि तिच्या नावात ‘सीपायथॉन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ असे येते. आवृत्ती, प्रोसेसर आणि कार्यप्रणाली हे तिन्ही त्या एका नावात असतात आणि ते तिन्ही फंक्शनच्या मांडणीशी जुळायला हवेत.

लॅपटॉप बदलण्याची गरज नाही. पिपला सांगता येते की मी विंडोजवर असलो तरी मला लिनक्सची व्हील दे. प्लॅटफॉर्म या पर्यायात ‘मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४’ द्यावे, पायथॉन-व्हर्जनमध्ये ३.१२, इम्प्लिमेंटेशनमध्ये ‘सीपी’, टार्गेटमध्ये एक नवा रिकामा फोल्डर, आणि ओन्ली-बायनरी या पर्यायात ‘ऑल’ द्यायला विसरू नये. तो शेवटचा पर्याय नसेल तर दुसऱ्या प्लॅटफॉर्मचे मागणे पिप मान्यच करत नाही. फोल्डर रिकामा असावा हे मुद्दाम सांगतो. जुन्याच फोल्डरवर नवे उतरवले की विंडोजच्या काही फाइली मागे राहतात.

दूरदेशी

तळटीप यांच्या उत्तरात एक भर घालावीशी वाटते. ‘मेनीलिनक्स२०१४’ या नावामागे ग्लिब-सी या लिनक्सच्या मूळ ग्रंथालयाची (लायब्ररीची, म्हणजे आयत्या कोडच्या संचाची) २.१७ ही आवृत्ती आहे. लॅम्डाचे पायथॉन ३.८ ते ३.११ हे रनटाइम (कोड चालवणारी तयार व्यवस्था) अ‍ॅमेझॉन लिनक्स २ वर चालतात आणि तिथे ग्लिब-सी २.२६ आहे, ३.१२ पासून अ‍ॅमेझॉन लिनक्स २०२३ आले आणि तिथे २.३४ आहे. काही ग्रंथालयांच्या नव्या आवृत्त्या ‘मेनीलिनक्स_२_२८’ या खुणेनेच निघतात, त्यामुळे पिपला केवळ २०१४ची खूण दिली तर तो गुपचूप एखादी जुनी आवृत्ती उतरवतो किंवा ‘जुळणारी आवृत्ती नाही’ म्हणून थांबतो. तुम्ही ३.१२ वर आहात, म्हणून प्लॅटफॉर्मचा पर्याय दोनदा देऊन दोन्ही खुणा कळवल्या तरी चालेल. ३.११ किंवा त्याआधीच्या रनटाइमवर मात्र २.२८ची व्हील नेऊ नये. ‘ग्लिब-सी २.२८ नॉट फाउंड’ ही त्रुटी अनेकांनी पाहिली असेल, तिचे मूळ इथेच आहे.

गणिती

मी नोडवर काम करतो, त्यामुळे पायथॉनचा अनुभव कमी आहे, पण रोग तोच आहे म्हणून लिहितो.

नोड १८च्या रनटाइमपासून एडब्ल्यूएस एसडीकेची (एडब्ल्यूएसच्या सेवा वापरण्याच्या ग्रंथालयाची) दुसरी आवृत्ती लॅम्डात आधीपासून ठेवलेली नसते, तिसरी असते. जुने फंक्शन १६वरून १८वर नेले की ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल एडब्ल्यूएस-एसडीके’ ही त्रुटी लगेच येते. कोडमधील एक अक्षर बदललेले नसते. यातून मी एक नियम केला: रनटाइमसोबत आयते मिळणारे कोणतेही ग्रंथालय आपले मानू नये आणि जे लागते ते पॅकेज फाइलमध्ये आवृत्तीसह लिहावे. पायथॉनवाल्यांनी हेच ‘बोटोकोअर’ या एडब्ल्यूएसच्या पायथॉन ग्रंथालयाच्या पोटातील रिक्वेस्ट्सबाबत अनुभवले असेल. रिक्वेस्ट्स बरोबर न्यायला नको म्हणून ती आतली प्रत वापरण्याचा सल्ला जुन्या उत्तरांत सर्रास दिलेला आढळतो. पुढे ती प्रत काढून टाकण्यात आली आणि तो सल्ला पाळणारी फंक्शने बंद पडली.

आमच्याकडचा दुसरा प्रसंग अक्षरांच्या लहान-मोठेपणाचा. फाइलचे नाव मोठ्या ‘यू’ने सुरू होणारे ‘यूटिल्स’ होते आणि कोडमध्ये ते लहान ‘यू’ने मागवलेले होते. मॅक आणि विंडोज यांच्या नेहमीच्या मांडणीत हा फरक मानला जात नाही. लिनक्स तो काटेकोरपणे मानतो. तीन जणांच्या लॅपटॉपवर चालणारे फंक्शन लॅम्डावर पडले आणि आम्ही एनपीएमला (पिपसारख्या नोडच्या साधनाला) दोष देत बसलो. फाइल आमचीच होती.

सुतारपक्षी

निळाई यांनी मांडलेल्या अटी मान्य आहेत. तरीही माझे मत कायम आहे की गावाकडच्या एका केंद्रासाठी एकट्याने काम पाहणाऱ्या माणसाने व्हील, ग्लिब-सी या जंजाळात पडू नये. झिपमधून नमपाय आणि पांडाज काढून टाकावेत, तयार लेअर जोडावा आणि उद्याच्या पावत्या सुरू कराव्यात. समजून घेणे नंतरही होईल.

माळरान

इथे माझा मतभेद आहे. तयार लेअरमध्ये पांडाजची आवृत्ती कोणती हे आपण ठरवत नाही, आणि पुढच्या वेळी रनटाइम बदलला की पहाटवारा पुन्हा याच जागी उभे राहतील. फाइलच्या नावातून दोष वाचता येणे ही एकदा शिकायची आणि कायम उपयोगी पडणारी गोष्ट आहे. लेअर वापरायला हरकत नाही, पण तो का चालला हे कळल्यावर वापरावा.

जास्वंद

दोघांचेही पटते. माझ्या मते खरा पर्याय कंटेनर इमेज (कोड, मॉड्यूल आणि त्यांना लागणारे लिनक्स एकत्र बांधलेला गठ्ठा) हा आहे. डिसेंबर २०२० पासून लॅम्डा १० जीबीपर्यंतची इमेज स्वीकारते आणि एडब्ल्यूएसने दिलेल्या पायथॉनच्या मूळ इमेजवर पिप चालवले की व्हील आपोआप त्याच लिनक्ससाठीची उतरते. झिपच ठेवायची असेल, तर सॅम या एडब्ल्यूएसच्या साधनाचा ‘बिल्ड’ हा आदेश ‘यूज-कंटेनर’ पर्यायासह चालवावा. तोही आतून तेच करतो. मात्र यासाठी डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) लागते आणि जुन्या लॅपटॉपवर ते जड जाते.

पहाटवारा

तळटीप आणि दूरदेशी यांनी सांगितलेल्या पर्यायांनी नव्या फोल्डरमध्ये सर्व उतरवले. आता फाइलींच्या नावात ‘एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू’ दिसते, विंडोजची एकही फाइल उरलेली नाही. झिप चढवली, कन्सोलवरून चाचणी घेतली आणि पुन्हा नमपायचा तोच संदेश आला. अक्षरशः तोच. आता रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत आणि मला काहीच सुचत नाही.

निळाई

घाबरू नका, आपण जवळ पोहोचलो आहोत. फंक्शनच्या पानावर खाली रनटाइमची मांडणी असते, तिथे आर्किटेक्चरसमोर (प्रोसेसरच्या प्रकारासमोर) काय लिहिले आहे?

पहाटवारा

‘एआरएम६४’ असे लिहिले आहे. आता आठवले. रनटाइम बदलताना मी फंक्शन नव्याने बनवले, तेव्हा एआरएमवर खर्च कमी येतो असे वाचले होते म्हणून तो पर्याय निवडला होता. जुने फंक्शन एक्स८६वर होते.

निळाई

तळटीप यांनी फाइलच्या नावातल्या ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी न जुळलेली हीच, प्रोसेसर. सप्टेंबर २०२१ पासून लॅम्डात ग्रॅव्हिटॉन-२ या एआरएम प्रोसेसरचा पर्याय आहे आणि त्यासाठी फाइलीही वेगळ्या लागतात. तुमच्या व्हील आता लिनक्सच्या आहेत पण इंटेलच्या धर्तीच्या प्रोसेसरसाठी आहेत. एक तर आर्किटेक्चर एक्स८६_६४ करून तीच झिप पुन्हा चढवा, किंवा पिपला प्लॅटफॉर्म म्हणून ‘मेनीलिनक्स२०१४_एआर्च६४’ द्या. दुसरा मार्ग घेतला तर फाइलींच्या नावात ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयू’ दिसले पाहिजे. आमच्याकडे हाच घोटाळा उलट्या बाजूने झाला होता: एम-वन (एआरएम प्रोसेसरच्या) मॅकवर डॉकरने बनवलेली पॅकेजे एआरएमची निघाली आणि फंक्शन एक्स८६वर होते.

तळटीप

हे मी आधीच विचारायला हवे होते. प्रोसेसरचा उल्लेख केला, पण तुमचे फंक्शन कोणत्या प्रोसेसरवर आहे ते न विचारताच एक्स८६चा पर्याय लिहून दिला. क्षमस्व.

पहाटवारा

एआर्च६४च्या व्हीलने झिप केली आणि चाचणी यशस्वी झाली. दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली चाचणी-पावती माझ्या स्वतःच्या मोबाइलवर आली. तळटीप, क्षमा मागू नका. तुम्ही फाइलचे नाव वाचायला शिकवले नसते, तर निळाई यांचा प्रश्न मला कळलाही नसता.

एक शंका उरली आहे. क्लाउडवॉचमध्ये रोज सकाळी एकच त्रुटी तीनदा नोंदलेली दिसते. केंद्रावरून फाइल तीनदा येते आहे का?

दूरदेशी

नाही. तुमचे फंक्शन बकेटमध्ये फाइल आल्यावर किंवा वेळापत्रकाने सुरू होत असेल, तर ती हाक असिंक्रोनस (उत्तराची वाट न पाहणारी) असते आणि फंक्शन पडल्यास लॅम्डा आपणहून आणखी दोनदा प्रयत्न करते. जाळ्यातील तात्पुरत्या अडचणीसाठी ते उपयोगी आहे. मॉड्यूलच नसेल तर तिन्ही वेळा तेच होते. अशा हाकेत बिघाड झाला हे कोणालाही आपोआप कळवले जात नाही. म्हणून फंक्शनला ‘ऑन-फेल्युअर’चे (बिघाडाची सूचना जिथे जाईल ते) ठिकाण जोडावे किंवा त्रुटींच्या संख्येवर क्लाउडवॉचचा इशारा लावावा, म्हणजे उत्पादकाच्या फोनआधी तुम्हाला संदेश येईल.

उगवतीकडे

उशिरा वाचते आहे. गूगलच्या क्लाउड फंक्शन्सवरही हेच आहे का? माझ्याकडे ‘नो मॉड्यूल नेम्ड’ असे येते, पण मी झिप कधीच केलेली नाही.

जास्वंद

उगवतीकडे, तिथे पॅकेजे उतरवण्याचे काम डिप्लॉय करताना (कोड चढवताना) गूगलच्या बाजूला होते, म्हणून विंडोज-लिनक्सचा प्रश्न सहसा येत नाही. ‘रिक्वायरमेंट्स’ची मजकूर फाइल मुख्य फाइलच्या शेजारीच आहे का आणि तिच्यात ते नाव आहे का, हे पाहा. नाव लिहिताना एक काळजी घ्यावी लागते: इम्पोर्ट करतानाचे नाव आणि पॅकेजचे नाव नेहमी सारखे नसते. कोडमध्ये ‘यामल’ लिहितो, पण पॅकेज ‘पाययामल’ आहे. ‘पिल’ लिहितो, पण पॅकेज ‘पिलो’ आहे. मॉड्यूल तुमचे स्वतःचे असेल, तर ते डिप्लॉय होणाऱ्या फोल्डरच्या बाहेर राहिले नाही ना, आणि ‘जीक्लाउड-इग्नोअर’ फाइलने ते वगळले नाही ना, हेही तपासा.

उगवतीकडे

‘यामल’च होते. धन्यवाद.

माळरान

पहाटवारा, आणखी एक सवय लावून घ्या. झिप चढवल्यावर पावणेसातची वाट पाहू नका. कन्सोलवर रिकामी चाचणी-घटना देऊन फंक्शन एकदा लगेच चालवा. इम्पोर्ट हँडलरच्या बाहेर, फंक्शन जागे होतानाच होतात, त्यामुळे मॉड्यूलची त्रुटी असेल तर ती आत कोणतीही माहिती न देताही समोर येते. आणि पुढे कधी अडलात, तर मुख्य फाइलच्या पहिल्या ओळींत ‘/व्हार/टास्क’ आणि ‘/ऑप्ट’ या फोल्डरांतील यादी व पायथॉनचा शोधमार्ग छापून घ्या. दोन-तीन ओळींचे काम आहे आणि लॅम्डाला काय दिसते हे त्यातून कळते. काम झाले की त्या ओळी काढून टाका.

पहाटवारा

आज सकाळी सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सर्व पावत्या गेल्या. दूरदेशी यांनी सांगितलेला इशारा रात्रीच लावला होता. तो वाजला नाही. पिपची ती पूर्ण आज्ञा आणि शेजारी ‘एआरएम६४, पायथॉन ३.१२’ असे मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद केंद्रावरच्या संगणकाच्या मागे चिकटवला आहे, म्हणजे पुढे हे काम दुसऱ्या कोणी हाती घेतले तरी त्याला तो सापडेल.